मौसाजींचा लाल नमुना

जगात काळजी करण्यासारख्या जेवढ्या गोष्टी आहेत, त्या सगळ्यांची काळजी आमच्या मौसाजींनी एकट्याने वाहिली. दुसऱ्या कुणाच्या वाट्याला काही उरूच दिलं नाही. मौसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. पुण्याकडे मी त्यांना काका म्हटलं असतं, पण आम्ही मल्हारगंजातले, हिंदी मुलखातले मराठी. आमच्या मराठीत हिंदी कधी येऊन पाट मांडून बसली ते आम्हालाही ठाऊक नाही. भोपाळला जायचं असलं की हा माणूस दोन तास आधी फलाटावर. गाडी आली की ही भोपाळलाच जाते ना, हे तिघांना विचारणार, आणि तिघांनी एकच उत्तर दिलं तर ते एकमेकांच्या ओळखीचे असतील म्हणून चौथ्याला विचारणार. घराला कुलूप लावून चौकापर्यंत जायचे आणि ते ओढून बघायला परत यायचे. मावशी म्हणायची, ह्यांच्या ओढण्यानेच एक दिवस कुलूप तुटेल, चोराला काही कामच राहणार नाही.

ते कापड मिलच्या रंगखात्यात रंगमास्तर होते. गिऱ्हाइकाने नमुन्याची चिंधी दिली की तिच्याशी तंतोतंत जुळणारा रंग उतरवायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. दिव्याचा उजेड खोटा असतो, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यामुळे चहा, वरण, लोणचं, जे हातात येईल ते घेऊन ते आधी दारात जायचे, उन्हात धरून बघायचे आणि मगच तोंडाला लावायचे. मला बघायला आलेल्या एका मुलालाही त्यांनी बोलता बोलता दारापर्यंत नेलं आणि त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून, दुसऱ्या धुण्यात उतरेल, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगितलं. ते स्थळ पुढे सरकलं नाही. पोह्यांवर, वरणावर सेव तर आम्ही सगळेच घालतो, पण मौसाजी शिऱ्यावर घालायचे, श्रीखंडावर घालायचे. आणि स्वतः रांधलेलं कधी वाढलं, तर 'कसं बनलंय' हे प्रत्येकाला निदान तीनदा विचारायचे. आम्ही म्हणायचो, स्वभाव.

मग मिल बंद पडली. इतकी वर्षं काळजीसाठी विषय हुडकावा लागायचा. आता खराखुरा मिळाला तर मौसाजी गप्पच झाले. सकाळी सातला डबा घेऊन निघायचे, मिलच्या बंद फाटकासमोर बसायचे आणि दुपारी तो डबा तिथेच खाऊन परत यायचे. कुलूप ओढायलाही परतेनात. मावशीला धडकी भरली ती यानेच. मी तेव्हा पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात टायपिंगला होते. तिथे यंत्रं बसवायला तीन कोरियन साहेब आले होते आणि पनीर खाऊन खाऊन त्यांचे चेहरे पनीरसारखे झाले होते. दोन खानसामे पळून गेले होते. एके दिवशी मोठे साहेब हताश होऊन बसलेले दिसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की माझे मौसाजी फार छान रांधतात. ते काही खोटं नव्हतं. आमच्याकडे रविवारचं मटण पुरुषांनी करायची रीत, आणि मौसाजींच्या मटणाचं नाव गल्लीभर होतं. साहेब म्हणाले, रविवारी मी तुमच्या घरी जेवायला येतो, त्यांना आमच्याकडचं तिखट लाल पोर्क करू दे. जमलं तर सोमवारपासून काम. आणि नमुना म्हणून स्वतः केलेल्या पोर्कचे चार तुकडे त्यांनी स्टीलच्या डब्यातून माझ्याबरोबर पाठवले.

नमुना हा शब्द ऐकला आणि मौसाजी उठून उभे राहिले. डबा दारात नेला, उन्हात धरला, आपला पांढरा रुमाल त्या लाल रश्शात बुडवून वाळत घातला. एक तुकडा स्वतः खाल्ला, बाकीचे तीन झाकून ठेवले आणि बजावलं, खबरदार कुणी हात लावला तर. मग चार दिवस घरात दुसरा विषय नाही. सियागंजातून निमाडची लाल मिरची आणि तिळाचं तेल आलं, चायनीजच्या गाडीवरून काळा सॉस आला. यात काहीतरी आंबलेलं आहे असं साहेबांनी मला सांगितलं होतं, म्हणून मावशीच्या बरणीतला मुरलेला लोणच्याचा खारही कामी आला. पोर्क महूहून आणावं लागणार आणि ते एकदाच आणायचं, म्हणून तालीम बटाट्यांवर. चार दिवस आम्ही लाल बटाटे खाल्ले. दोरीवर कापडाचे अकरा लाल तुकडे, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा. मौसाजींना पुन्हा काळजी करताना बघून मावशी इतकी खूश, की अंगणातल्या शेगडीवर पोर्क शिजू द्यायलाही तयार झाली. फक्त आपण ते चाखणार नाही, एवढं तिने सांगून टाकलं.

रविवारी सकाळी कापडाच्या अकराव्या तुकड्याचा रंग रुमालाशी हुबेहूब जुळला. शेगडीवर मांस शिजत होतं. मौसाजींनी चमचा माझ्यापुढे धरला.

"तू चाख बेटा. मला चव येत नाही. रंगखात्यातल्या वाफांनी गेली, आठ वर्षं झाली. मावशीला ठाऊक आहे, मीठमसाला तीच बघते."

मग साहेबांचं पोर्क चवीला कसं होतं, असं मी विचारलं, तर म्हणाले, तेच तर. चार तुकड्यांतला एक त्यांनी खाल्लेला आणि तीन नमुना म्हणून जपून जपून खराब झालेले! अस्सल चव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. जाणार ती त्यांची नोकरी, आणि साहेबांसमोर पडणार ते माझं तोंड. त्यातही मला भलतंच काही सुचलं. मी विचारलं, "मग सेव का घालता सगळ्यावर?"

"ती ऐकू येते ना," मौसाजी म्हणाले.

साहेब आले, पाटावर नीट मांडी घालून बसले. मौसाजींनी भात वाढला, पोर्क वाढलं आणि हाताच्या सवयीने वर मूठभर सेव टाकली. मी डोळे मिटून घेतले. साहेब चावत होते तो आवाज तेवढा घरभर ऐकू येत होता. मग ते मला इंग्रजीत म्हणाले, रंग अगदी माझ्या घरचा आहे, चव मात्र भलतीच कुठली तरी. बनवताना यांनी चाखलं नाही का? साहेब काय म्हणाले ते मौसाजींनी विचारलं, मी सांगितलं. मौसाजी म्हणाले, जे खरं आहे ते त्यांना सांग. मी साहेबांना सांगितलं, सर, त्यांना कोल्ड झाला आहे.

एवढं इंग्रजी रंगमास्तरला येतं. मौसाजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग साहेबांसमोर बसून त्यांनी जीभ बाहेर काढली, तिच्यावर चिमूटभर मीठ ठेवलं आणि हात हलवून दाखवलं, काही नाही. भोपाळची गाडी चौघांना विचारणाऱ्या माणसाने या वेळी कुणालाच विचारलं नाही.

साहेबांनी एकदा ताटाकडे बघितलं. मग त्यांनी ते पुढे केलं. आणखी भात घेतला, पोर्क घेतलं, बोट दाखवून सेवही मागितली. निघताना मला म्हणाले, सोमवारी पाठव; मीठ मी बघत जाईन.

अडीच वर्षं मौसाजी पीथमपूरला गेले, रोज कुलूप तीनदा ओढून. मग यंत्रं सुरू झाली आणि साहेब आपल्या देशी परतले. मौसाजींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या रुमालावरचा लाल रंग पिवळा पडला आहे. मिरचीचा रंग टिकत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. आता पलासियाच्या दुकानात तो लाल मसाला बाटलीत मिळतो. मी घरी पोर्क करते, चव अस्सल असते असं खाणारे म्हणतात. तरी कढई घेऊन मी आधी दारात जाते. तो लाल काही जुळत नाही. मग ताटात वाढून घेते, वर मूठभर सेव टाकते आणि कुणाशी न बोलता खाते. ती ऐकू येते ना.