शून्यावर न येणारा काटा

आनंदाकाका प्रेशर गेज तपासतात. बोईसरच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं हेच काम. दाब दाखवणारा काटा खरं बोलतो की खोटं, एवढंच बघायचं. खरं बोलला तर हिरवी चिठ्ठी, खोटं बोलला तर लाल. लाल चिठ्ठीवर छापलेलं असतं, 'वापरू नये'. खाली तारीख आणि सही.

ते मूळचे सांगलीकडचे. बोईसरलगतच्या सरावलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर. मी मराठी घेऊन एम. ए. झालो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. मी कुठेही शिकवत नाही, हे त्यांना माहीत आहे.

येत्या मार्चमध्ये काका निवृत्त होणार. फंडाचे पैसे येतील, त्यात एकच घर होईल. चुकलं तर दुसरं नाही. गावी परत जायला गोजराबाईंनी, म्हणजे काकूंनी, साफ नकार दिला होता. "तिथं माझं कोण हाय? इथं माझी अठ्ठावीस बायकांची भिशी हाय."

पालघर रस्त्यावरच्या एका नव्या इमारतीतला फ्लॅट काकांनी बघून ठेवला होता. तिथल्या विक्रीच्या ऑफिसात बसणाऱ्या दर्पणने सांगितलं होतं, रविवारपर्यंत बुकिंग करा, सोमवारपासून दर वाढतोय. काका मोबाइलवर एक वेबसाइट रोज वाचायचे. कर्ज, विमा, बचत अशी सामान्य माणसाला माहिती देणारी. तीही हेच सांगत होती, आत्ताच घर घ्या. दोघांनी सांगितलं म्हणजे खरं असणार, असं मला वाटलं.

सोमवारी संध्याकाळी काकांनी मला खाली बोलावलं. मोबाइल पुढे केला.

"मास्तर, ह्या वाक्यात कर्ता दाखव."

वाक्य होतं, 'बोईसर पट्ट्यात घरांना अभूतपूर्व मागणी असल्याचे मानले जात आहे.'

"कर्ता नाही, काका."

"मग मानतंय कोण?"

"कर्मणी प्रयोग आहे. कर्ता सांगायलाच हवा असं नाही."

"आमच्याकडं असलं चालत न्हाई. व्हॉल्व्ह उघडा राहिला म्हटलं, की सायब इचारतो, कुणी ठेवला?"

दोन वर्षांच्या एम. ए.त मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मंगळवारी त्यांनी वही काढली. त्या वेबसाइटवरचे तीन वर्षांचे मथळे शोधून त्यांनी उतरवून घेतले होते. मला मोठ्याने वाचायला लावले.

"'व्याजदर वाढले : आणखी वाढण्याआधी घर घ्या.' 'व्याजदर उतरले : आता तरी घर घ्या.' 'किमती चढल्या : उशीर करू नका.' 'किमती पडल्या : सुवर्णसंधी.' 'किमती जागच्या जागी : निर्धास्त घर घ्या.'"

"आता सांग. दाब काढून घेतला की काटा शून्यावर याया पायजे का नको?"

"पाहिजे."

"तीन वर्सांत ह्यो एकदा बी शून्यावर आला न्हाई. 'सध्या थांबा' असं एकदा बी न्हाई."

"म्हणजे बातम्या खोट्या?"

"आकडं खरं हायती. बँकेत जाऊन ताडून बघितलं. काटा चिकटलाय."

काकू आतून म्हणाल्या, "आमच्या वन्संचं असंच हुतं. कुणाचंबी स्थळ असू दे, पोरगा झ्याकच. मागनं कळलं, लगीन ठरलं की तिला लुगडं मिळायचं."

काका थबकले. मग मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाले, "लुगडं हुडीक."

मला पाच मिनिटं लागली. पानाच्या तळाशी, फिकट करड्या अक्षरांत होतं, 'या पानावरून झालेल्या चौकशीबद्दल आम्हाला मोबदला मिळू शकतो.'

"शकतो म्हंजे?"

"शक्यता आहे."

"शक्यता कसली," काकू म्हणाल्या, "नेसून बी झालं असंल."

तरी काका लगेच निकाल देईनात. गेज नापास करायचा तर तो खात्रीच्या गेजशी ताडावा लागतो. त्याला ते मास्टर गेज म्हणतात. मागणीच्या त्या बातमीत लिहिलं होतं, याच बिल्डरची शेजारची इमारत दोन वर्षांपूर्वीच 'पूर्ण भरली' आहे. हे कशाशी ताडायचं?

"दोऱ्या मोजायच्या," काकू म्हणाल्या.

बुधवारी काका कामावर होते. काकू मला घेऊन गेल्या. अकरा वाजता आम्ही त्या इमारतीसमोर उभे राहिलो. काकूंनी बोट रोखून गॅलऱ्या मोजल्या. चौऱ्याऐंशी. कपडे वाळत होते तेवीस ठिकाणी.

"बाकीचे आत वाळवत असतील, काकू."

"ह्या दमट हवंत? बुरशी यील. मास्तर, तुमचं लगीन व्हायचंय अजून."

"घेऊन कुलूप लावलं असेल. गुंतवणूक म्हणून."

"मग मागणी कुणाची म्हणायची? कुलपांची?"

मी तेवीस हा आकडा काकांच्या वहीत लिहिला.

रविवारी आम्ही तिघं दर्पणच्या ऑफिसात गेलो. त्याच्या खुर्चीमागे तीच बातमी छापून, फ्रेम करून लावली होती.

"बघा काका! हे आम्ही नाही बोलत. निःपक्षपाती लोक बोलतात."

काकांनी बातमी उभ्याने पूर्ण वाचली. खिशातून लाल चिठ्ठी काढली. तारीख घातली, सही केली आणि फ्रेमच्या काचेवर नीट चिकटवली.

"हे काय आहे?" दर्पणने विचारलं.

"नापास. दुरुस्त करून घ्या. मी परत तपासीन."

त्यांचा आवाज इतका सरकारी होता, की दर्पणने पोच द्यायला पेन उचललं. मग भानावर येऊन म्हणाला, "काका, जाऊ नका. फुटामागे दोनशे कमी करतो."

"उद्यापासनं दर वाढणार हुता न्हवं?"

दर्पणने पेन खाली ठेवलं. आम्ही बाहेर पडलो.

परतताना काकू रिक्षातून मागे वळून ती इमारत बघत राहिल्या. बातमी नापास झाली होती, पण घर गेलं होतं. मार्च तेवढाच जवळ होता. पुढचे चार दिवस खालच्या मजल्यावरून फक्त भांड्यांचा आवाज येत होता.

पाचव्या दिवशी भिशीतल्या एका बाईने राहीबाईंचं नाव सांगितलं. राहीबाई मूळच्या घिवली गावच्या. मुलाच्या नोकरीसाठी सरावलीत तळमजल्याचा जुना फ्लॅट घेतला होता. मुलगा आता बडोद्याला, आणि त्यांना आपल्या वाडीत परत जायचं होतं.

आम्ही गेलो. त्यांनी दार उघडलं. पाणीही विचारलं नाही.

"बसा. आदी ऐका. पावसात मागची भित रडते. काय पन लावा, रडतेच. आताच सांगते, मंग नाय बोलायचा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

"आनि शेजारी?" त्यांनी हळूच विचारलं.

"मानसा चांगली हायत. वरचा पेटी वाजवते. वाईट वाजवते."

काकांनी चष्मा काढून पुसला.

"ओल किती येती?" काकूंनी विचारलं. राहीबाईंनी जमिनीपासून हातभर उंची दाखवली. काकू उठल्या, भिंतीपाशी बसल्या, पंजा टेकवून पाहिला.

"एवढी व्हय?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. तो त्यांनी कधी घेतला होता, मला कळलंच नाही.

राहीबाई गडबडल्या. "अवो, अजून किंमत नाय सांगितली."

"ती बी अशीच सांगा," काकू म्हणाल्या आणि पुडा सोडला.