चंद्रावर गेलेला बंब

त्या गृहस्थाचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो आणखी बोलला असता.

कल्याणला तंबूतल्या सिनेमात चंद्रावर जाणाऱ्या यानाचा बोलपट लागला होता. मला तो इतका आवडला होता की मी दुसऱ्यांदा पाहायला गेलो, आणि नेमका हा शेजारी येऊन बसला. डोक्याला काळी टोपी, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी. दाणे पुढे करत त्याने सुरुवात केली.

"ते चंद्रावरचे डोंगर आहेत ना, त्या ठाण्याच्या मिठागरातल्या राशी आहेत. आणि यान म्हणजे आमचा अंघोळीचा बंब. मेहुणा स्टुडिओत सुतार आहे, तो घेऊन गेला आणि त्याला चंदेरी रंग फासला."

"मग आता कुठे आहे तो?" मी वैतागून विचारलं.

"घरीच की. हिने चिंच लावून सगळा रंग घासून काढला. आज सकाळी त्याच्याच पाण्याने अंघोळ करून आलोय."

पुढच्या माणसाने वळून गप्प बसायला सांगितलं, तर याने त्यालाही दाणे दिले आणि बंबाची हकिकत पहिल्यापासून सांगितली.

शेवटी यान सुटायची वेळ आली. खालून धूर निघू लागला, तसा हा एकदम गप्प झाला. माझं मनगट घट्ट धरून पुटपुटला, "नीट पोचू दे रे देवा."

यान वर निघालं. तो श्वास रोखून त्याच्याकडे बघत होता. मला मात्र बंबाच्या तोटीशिवाय काही दिसेना.