चार फुटांचा जोता

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी हरी टेंबे यांनी अंजूरच्या दोन गुंठ्यांसाठी चौदा लाख सदतीस हजार पाचशे रुपये मोजले. भिवंडीतल्या एका शाळेत ते हेडक्लार्क होते. निवृत्तीला पंधरा महिने उरले होते आणि ते राहत होते त्या भाड्याच्या दोन खोल्यांचा मालक तेवढंच थांबायला तयार होता.

खरेदीआधी त्यांनी सातबारा पाहिला, तीस वर्षांचे फेरफार काढले, मोजणी करून घेतली. जमीन विकणारे दाजी पाटील वैतागले. "मास्तर, पोरीची सोयरीक करताना पन कोन येवढी चौकशी न्हाय करत."

मुलीच्या, अपूर्वाच्या सोयरिकीत हरींनी खरंच केली नव्हती. ती सासर सोडून आली त्याला तीन वर्षं झाली होती. स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाय घालून झोपायची. म्हणून आलेखाच्या कागदावर त्यांनी पहिली खोली आखली ती तिची. दहा बाय दहा, पूर्वेला खिडकी, दाराला आतून कडी.

दसऱ्याला दाजींनी आखणीसाठी चुन्याची फक्की आणून दिली आणि हरींनी नकाशा जमिनीवर उतरवला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई पांढरी रेघ न ओलांडता, दारासाठी जागा सोडली होती तिथूनच आत शिरल्या. अपूर्वा आपल्या चौकोनात जाऊन उभी राहिली.

"बाबा, कडी विसरलात."

किती तरी दिवसांनी ती थट्टा करत होती.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला. अर्धी रजा टाकून हरी रिक्षाने पोचले. खाडीला उधाण होतं आणि जमिनीवर घोटाभर पाणी. फक्कीची एक रेघ उरली नव्हती. शेजारी गोदामासाठी गणपतीनंतर पुरुषभर भराव पडला होता. एरवी तिकडे पसरणारं पाणी आता इकडे वळलं होतं.

"मी खोटा न्हाय बोललो, मास्तर. तवा पानी येतच नव्हता."

ते खरं होतं. हरींनी आपल्या जमिनीचे सगळे कागद तपासले होते. बाजूची कोणी घेतली, हे मात्र विचारलं नव्हतं.

ठेकेदार हितेशने आकडा सांगितला. जोता चार फूट उचलायचा, भरावासकट पावणेचार लाख. बांधकामासाठी हरींकडे सगळे मिळून नऊ होते.

मग ते रोज खोडरबर घेऊन बसू लागले. देवघर गेलं. ओटी गेली. दोघांची खोली गेली.

"आपण हॉलमध्ये झोपू," ते म्हणाले.

"कुठल्या हॉलमध्ये?" पार्वतीबाईंनी विचारलं. "तो मंगळवारीच खोडलात."

शेवटी स्वयंपाकघर आणि अपूर्वाची खोली उरली. हितेशने कागद पाहून मान हलवली. "काका, यात एकच निघेल. आणि चूल तर पेटवावीच लागेल."

हरींनी कागदावर हात ठेवला. अपूर्वाने तो हळूच बाजूला केला.

"द्या इकडे. मला ओट्याखालची सवय आहे."

कागद फाटू नये म्हणून तिने चारही रेघा सावकाश खोडल्या.

३१ मे २०२५ ला ते निवृत्त झाले. भाड्याच्या खोल्यांच्या मालकाने आणखी दिवाळीपर्यंत मुदत दिली. अंजूरला जोता झाला आहे, त्यावर अजून भिंत नाही. दाजींना फक्कीचे एकशे साठ रुपये द्यायचे आहेत.