जपानचा पट्टा आणि घरातली नुरा कुस्ती

सासरे कोल्हापुरात ऑक्सिजनवर होते आणि सासूबाई नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला आमच्या सोफ्यावर पाय वर घेऊन जपानी बायकांची कुस्ती बघत होत्या. सासऱ्यांचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी आणि नवरा त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघरात उभे राहून कुजबुजत भांडत होतो. पण आधी त्या कुस्तीचं सांगायला हवं, कारण आमचं बिंग तिच्यामुळेच फुटलं.

सासूबाई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि मागोमाग करोनामुळे विमानं बंद झाली. व्हिसा वाढवून मिळाला, तिकीट काही मिळेना. तेव्हा आमची मुलगी तेरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की डच नाहीतर इंग्रजी. त्यामुळे आजी-नातीचं बोलणं ‘वाढू का?’ आणि ‘नको’ यापुढे जात नव्हतं. शाळा बंद असताना मुलीला कुठून तरी ही कुस्ती सापडली. दर रविवारी सकाळी दहाला, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, सामने सुरू व्हायचे. चकचकीत कपड्यांतल्या पोरी एकमेकींना उचलून आपटायच्या. प्रेक्षक थोडेच, एकेक खुर्ची सोडून बसलेले. ओरडायला बंदी, फक्त टाळ्या वाजवायच्या. पहिल्या रविवारी सासूबाई सोफ्यामागून जाता जाता थबकल्या आणि म्हणाल्या, “अगं, ढाक लाव की तिला!”

त्या वस्तादांची मुलगी. त्यांच्या वडिलांची गावात तालीम होती. बाईमाणसाला तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती, तांबड्या मातीला हात लावणं तर दूरच. यांनी दुधाची चरवी उंबऱ्यावर ठेवायची आणि परत फिरायचं. पण परत फिरताना कान काही मिटता येत नाहीत. सगळे डाव त्यांना नावानिशी पाठ होते. सासरे त्याच तालमीतले पैलवान. लग्न कसं जमलं ते मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “चरवी उचलाय रोज हेच यायचे,” आणि विषय बदलला.

नातीला तर घबाडच मिळालं. जपानी डावाचं इंग्रजी नाव ती सांगायची, आजी त्याला मराठी नाव द्यायची. कधीकधी जुळायचं नाही, मग दोघी भांडायच्या, ही डचमध्ये आणि त्या कोल्हापुरीत. मला त्या भांडणाचं इतकं सुख वाटायचं की मी चहा निवू द्यायची.

नवऱ्याला मात्र राहवेना. तो चिप बनवायच्या यंत्रांचा इंजिनीअर, त्याला सगळं दुरुस्त करायची खोड. एका रविवारी तो म्हणाला, “आई, हे सगळं आधी ठरलेलं असतं. कोण जिंकणार, कोण हरणार. खोटं आहे.”

“ते मला दुसऱ्याच रविवारी कळालं,” सासूबाई म्हणाल्या. “नुरा कुस्ती मी बघितली न्हाई व्हय? खऱ्या कुस्तीत पडणारा शेवटपर्यंत मान सोडत न्हाई. नुऱ्यातला गडी पडायच्या आधी एकदा पंचाकडं बघतोय. सगळं बेतल्यागत चाललंय न्हवं, ते बघतोय. डोळं फसवत न्हाईत.”

“मग बघतेस कशाला?”

“ठरवून पडली तरी पाठ खरीच आपटत्या तिची.”

उन्हाळ्यात ते सामने भरवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की बायकांसाठी स्वतंत्र किताब सुरू होणार. इतकी वर्षं तिथे सगळे किताब पुरुषांचेच होते. टेबलावरचं कापड ओढून त्यांनी नवाकोरा पट्टा दाखवला, पांढऱ्या चामड्यावर सोनेरी चकत्या. “गदा न्हाई?” सासूबाईंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, “असू दे. कायतरी दिलं.” पहिली मानकरी ठरवायला आठ जणींची स्पर्धा होती. सासूबाईंनी लगेच एक बाई निवडली. चाळिशीला टेकलेली, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, वीस-बावीस वर्षं कुस्ती करून नावावर काहीच नाही. नातीने एक निळ्या केसांची पोरगी निवडली. दोघींच्या दोघी अंतिम फेरीत पोचल्या आणि घरात दोन तट पडले.

त्याच आठवड्यात सासऱ्यांना करोना झाला आणि दवाखान्यात हलवलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना त्यांनी धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या दिराला, बजावलं, “तिला सांगू नका. परमुलखात अडकल्या, जिवाला लावून घेईल.” दिराने ते नवऱ्याला सांगितलं आणि नवऱ्याने ते ब्रह्मवाक्य मानलं.

सासऱ्यांना व्हिडिओ कॉल जमत नसे. ते व्हॉइस मेसेज पाठवायचे, रोज संध्याकाळी एक, आणि सासूबाई तो पुन्हा पुन्हा ऐकायच्या. आता नवऱ्याने काय करावं? सासऱ्यांनी मागच्या काही महिन्यांत त्याला स्वतःला जे मेसेज पाठवले होते, घरपट्टीबद्दल, मोटारीच्या बॅटरीबद्दल, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल, त्यातले तो निवडून रोज एक वाजवायला लागला. “आई, बाबांचा मेसेज आलाय.” तिकडे माणूस श्वासासाठी धडपडतोय आणि इकडे त्याचा ठणठणीत आवाज कुत्र्याच्या नावाने बोटं मोडतोय!

मी नवऱ्याला सांगितलं, हे चूक आहे. बायको आहे ती त्यांची, तिचा हक्क आहे. तो म्हणाला, “ती इथून काय करू शकणार आहे? बाबांचीच इच्छा आहे. तू मधे पडू नकोस.” मी म्हटलं, उद्या काही झालं तर आईंना तोंड कसं दाखवशील? तो म्हणाला, “होणार नाही काही.” हे तो यंत्राबद्दल बोलल्यासारखं बोलला आणि मला इतका राग आला की मी भांडी आपटून मशीनमध्ये भरली.

सासूबाई मेसेज ऐकत, मान हलवत आणि विचारत, “बरं हायत न्हवं?” दर वेळी नवरा आधी माझ्याकडे बघायचा आणि मग म्हणायचा, “एकदम बरे.” मी दर वेळी खाली बघायची. शनिवारी त्याने चिमणीसारख्या आवाजात मला सांगितलं की मेसेज संपले. उरलेल्या एकात सासरे आंबे आणल्याचं सांगत होते. सप्टेंबरात आंबे कुठले?

आणि मग तो रविवार. अंतिम सामना सुरू झाला. मुलगी आजीला चिकटून बसलेली. स्वयंपाकघरात मी नवऱ्याला म्हणत होते, “आज सांग, नाहीतर मी सांगते,” आणि तो म्हणत होता, “फक्त आजचा दिवस.” तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दीर होता. नवरा मागच्या दारातून बागेत गेला. काचेतून मला दिसत होता. सायकलींच्या शेडला एका हाताने धरून तो उभा होता आणि नुसती मान हलवत होता. मग त्याने शेडचा हात सोडला आणि खाली वाफ्याच्या कडेला बसला. गेले, असंच मला वाटलं.

मी धावत बाहेर गेले. सासरे गेले नव्हते. डॉक्टर तासाभरात घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवणार होते. त्यानंतर बोलता येणार नाही. पुढे कधी येईल का, तेही कुणी सांगेना. एक नर्स तिच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायला तयार होती. आत्ता. लगेच.

आम्ही आत आलो. पडद्यावर निळ्या केसांच्या पोरीने त्या चाळिशीतल्या थोरलीला कंबरेतून उचललं होतं. सासूबाईंनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं, “कोण होतं? काय म्हणतोय?”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी खाली बघितलं नाही. त्याच्याकडेही बघितलं नाही. मी सरळ त्यांच्याकडे बघत राहिले.

सासूबाईंनी मान वळवली. “तिच्याकडं काय बघतोस?” त्या म्हणाल्या. “ती काय पंच हाय? आठ दिस झालं, मी इचारलं की तुझं डोळं तिच्याकडं पळत्यात. कुत्र्याचं मला त्यांनी मे महिन्यातच सांगितलंय. आता बऱ्या बोलानं सांग.”

म्हणजे आठ दिवस ही बाई आमच्यासमोर बसून आमचा सामना बघत होती. नवरा गुडघ्यांवर बसला आणि त्याने सांगितलं. लहान मुलासारखा रडत सांगितलं. त्यांनी त्याला थोपटलं नाही. “लाव फोन,” एवढंच म्हणाल्या. मुलीने उठून टीव्हीचा आवाज बंद केला.

आधी दिसली पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेली नर्स, मग छत, मग सासरे. तोंडावर मास्क, गाल आत गेलेले. फोन सासूबाईंच्या हातात होता आणि हात जराही हलत नव्हता. मला वाटलं आता हंबरडा फोडतील. त्यांनी विचारलं, “कुणी ठरवलं हे? मला सांगायचं न्हाई म्हणून?”

सासऱ्यांनी हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

“वस्तादाच्या पोरीबरोबर नुरा खेळता व्हय?”

मास्कच्या आत ते हसले. खरंच हसले, खांदे हलले, आणि यंत्र पिपाण्या वाजवायला लागलं. नर्सने मागे वळून काहीतरी दाबलं. सासूबाई थांबल्या. मग आवाज उतरवून त्यांनी गॅसची टाकी बंद आहे का विचारलं, धाकट्याच्या बायकोला कमी बोला म्हणाल्या, इथली हवा कशी आहे ते सांगितलं, नात डाव शिकली म्हणाल्या. ते मान हलवत राहिले. नर्स म्हणाली, “काकू, आता आवरा.” तेव्हा सासूबाईंनी उजवा तळवा पडद्यासमोर धरला. कुस्तीला भिडायच्या आधी पैलवान हात मिळवतात, तसा. पलीकडून सुया टोचलेला हात सावकाश वर आला. फोन बंद झाला.

टीव्हीवर त्या थोरलीच्या कमरेला पट्टा बांधत होते. ती रडत होती आणि माणसं टाळ्या वाजवत होती, आवाज नव्हता. कधी जिंकली, कशी जिंकली, आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं.

सासरे गुरुवारी गेले. सासूबाईंना अखेर विमान मिळालं ते नोव्हेंबरात. मधल्या दिवसांत नवरा त्यांच्यासमोर यायला कचरायचा. त्यांनी त्याला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, “तुझ्या बाबांनी सांगितलं म्हणून तू केलंस. तालमीत असलं करणाऱ्याला माझा बाप पुन्हा उभा करत नव्हता.” आणि त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी त्या दहाच्या आधीच सोफ्यावर येऊन बसल्या. त्या थोरलीला पट्टा राखायचा होता, समोर पुन्हा ती निळ्या केसांची. मुलगी त्यांच्या शेजारी बसली. मग म्हणाली, “आजी, एव्हरीबडी ऑनलाइन सेज शी विल लूज टुडे. इट्स डिसायडेड. वी डोन्ट हॅव टू वॉच.”

सासूबाईंनी सगळं कळल्यासारखी मान हलवली.

“ठरलेलं असू दे गं,” त्या म्हणाल्या. “पडताना समोर बसून बघाय तर मिळतंय.”