सुधारणेस वाव

परभणी जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींत असा माणूस शोधून सापडायचा नाही, ज्याला माझ्या थोरल्या साडूभाऊंनी एकदा तरी खुर्चीवरून उठवलेलं नाही! ते ग्रामपंचायतीच्या लोकांना कारभार शिकवणारे प्रशिक्षक. नवा कायदा आला, नवा दाखला आला, संगणकाचं नवं काम आलं की ग्रामसेवकापासून शिपायापर्यंत सगळ्यांना पालमच्या सभागृहात बसवायचं, आणि साडूभाऊंनी त्यांना पुन्हा उभं करायचं. मी सोनपेठकडच्या एका गावचा ग्रामसेवक. म्हणजे घरी साडू आणि वर्गात शिष्य, असा दुहेरी मार.

त्यांचा पहिला धडा ठरलेला. "दारात मानूस आला की आदी उठायचं, खुर्ची द्यायची, मग इचारायचं." नुसतं सांगून थांबतील तर ते साडूभाऊ कसले? ग्रामसेवकाला अर्जदार करून उभं करायचं आणि पाणी सोडणाऱ्या शिपायाला साहेब करून बसवायचं. शिपायाला काय, आयतीच संधी! "उद्या या", "सायेब न्हाईत", "नेट बंद हाय". एका ग्रामसेवकाला त्याच्याच शिपायानं असं तासभर उभं ठेवलं. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, आमी लोकायला असं तंगवतो व्हय?"

"याच्याहून लय," साडूभाऊ म्हणाले, आणि त्याला स्वतःच्या हातानं चहा दिला.

वर्ग सुटला की अभिप्रायाचा फॉर्म. त्यातला शेवटचा रकाना 'सुधारणेस वाव'. तो कुणी कोरा सोडलेला त्यांना खपत नसे. अहो, पोटच्या पोरीच्या लग्नात पंगतीतून उठणाऱ्यांना फॉर्म वाटले या गृहस्थानं! व्याह्यांनी तो रकाना मोकळा सोडला, तर त्यांना परत बसवून लिहायला लावलं. व्याह्यांनी बिचाऱ्यांनी लिहिलं, "वरणात मीठ". मेहुणी चार दिवस साडूभाऊंशी बोलत नव्हती.

पण एक टोचणी त्यांना कायम होती, की आपण शिकवलेलं टिकतं का? म्हणून डोक्याला रुमाल गुंडाळून, गावकऱ्याचं सोंग घेऊन ते जुन्या शिष्यांच्या कार्यालयात दाखल्याची चौकशी करायला जायचे. एकदा तर सोंग झकास वठलं होतं, कुणी ओळखलं नव्हतं, आणि निघताना सवयीनं खिशातून अभिप्रायाचा फॉर्म काढून त्यांनी टेबलावर ठेवला. अख्खं कार्यालय पोट धरून हसलं.

पुढे शिकवणं मोबाईलवरच्या व्हिडिओत गेलं. वर्ग बंद झाले, साडूभाऊ घरी बसले. एकदा मला म्हणाले, "पाव्हनं, जल्मभर लोकं उठवले. पन म्या पाठ फिरवली की बसले असतील का वो परत?"

गेल्या महिन्यात मी कार्यालयाच्या आतल्या खोलीत जुनी दप्तरं काढत होतो. दारात डोक्याला रुमाल बांधलेले एक म्हातारबाबा आले. खिशात वर्गात तक्ते लिहायचे तेच चार रंगांचे स्केचपेन! मी ओळखलं आणि दाराआड थांबलो. टेबलाशी आमची संगणकावर काम करणारी संगीता होती. नवी मुलगी, साडूभाऊंच्या वर्गाची पायरीही न चढलेली. मी दाराच्या फटीला डोळा लावला.

संगीता उठली. स्वतःची खुर्ची तिनं पुढे सरकवली. "बसा बाबा. आदी पानी घ्या. काय काम हाय?"

साडूभाऊ उभेच राहिले. "कुनी शिकवलं गं तुला हे?"

"यात काय शिकवायचं?" ती म्हणाली. "आमचे ग्रामसेवक सायेब कुनीबी आलं की उठतेत. मला वाटलं, हापिसात असंच असतंय."

मी बाहेर आलो. साडूभाऊंनी डोळे पुसले आणि नव्या चष्म्याला दोन शिव्या दिल्या. मग त्यांनी खिशातून फॉर्म काढला, पण या वेळी कुणाला दिला नाही. संगीताच्या खुर्चीत बसून स्वतःच भरला, पाणी प्यायले आणि एस.टी. गाठायला निघून गेले.

तो फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहे. 'सुधारणेस वाव' या रकान्यापुढे त्यांनी काहीच लिहिलेलं नाही.