द्वारकाबाईंचं आळं

माझ्या सासूबाई द्वारकाबाई पावसावर जशा चिडतात तशा माणसांवरही चिडत नाहीत, आणि माणसांवर त्या कमी चिडतात असं मुकुंदवाडीत कुणी म्हणणार नाही. जूनमध्ये ढग येतात, वाकुल्या दाखवतात आणि निघून जातात. तेव्हा त्या अंगणात कमरेवर हात ठेवून वर बघतात. "जा, जा. तुह्या बापाचं काय खाल्लं व्हतं आम्ही?"

हा सगळा संताप एका गुलाबापायी. गावठी गुलाब, फिक्या रंगाचा, पण दार उघडलं की आधी त्याचाच वास घरात येतो. सिल्लोडकडच्या त्यांच्या माहेरी, त्यांची आई सरूबाई हिच्या दारात हा गुलाब होता. आई गेली, घर पडलं, भावांनी जागा विकली. विकण्याआधी आत्याबाईंनी, सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते, एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं इथं आणली. माहेरचं म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढंच उरलंय. पौर्णिमेला विहारात बुद्धांपुढे ठेवायला याच झाडाचं फूल जातं, आणि नसलं तर त्या दिवशी घरात कुणी फार बोलायचं नाही.

आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तर नशीब. त्यामुळे या झाडानं भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, आंघोळीचं असं सगळं पाणी पिऊन दिवस काढले. लग्नानंतर मी पहिल्यांदा तांदूळ धुऊन पाणी मोरीत ओतलं आणि आमचं पहिलं भांडण तिथंच झालं. "मोरीला तहान लागली व्हती का?" असं त्यांनी विचारलं होतं. मी माहेरी निघून जायच्या बेतात होते.

त्या पाण्याचा थेंब बाहेर जाऊ नये म्हणून आत्याबाईंनी झाडाभोवती आळं केलं. गंगापूरकडून काळी माती मागवली आणि दरवर्षी काठ थोडा थोडा चढवत नेला. आता ते आळं राहिलं नाही, लहानसं धरण झालंय. मे महिन्यात त्याचा उपयोग होतो हे मीही कबूल करते.

पण यंदा सप्टेंबरात पावसानं चार महिन्यांची उधारी एकदम फेडली. त्यात आमची गल्ली. दर निवडणुकीआधी जुन्या रस्त्यावर नवा सिमेंटचा थर पडतो, जुना उकरायची अक्कल कुणाला नाही. रस्ता चढत गेला आणि आमचं अंगण खड्ड्यात गेलं. बाहेरचं पाणी आत येतं, आतलं बाहेर जात नाही. आळं काठोकाठ भरलं आणि काळी माती एकदा पाणी प्याली की सोडत नाही. गुलाबाची पानं पिवळी पडून गळायला लागली. वरच्या फांद्या काळ्या पडल्या.

"आत्याबाई, मुळं कुजतायत. पाणी काढून टाकू," मी म्हटलं.

"काढून टाकू? पाणी?" मी जणू दागिने विकायला काढले होते. "पिवळं पडलंय ते उन्हाविना. पाण्यानं कुठं झाड मरतं व्हय?"

"मरतं! मागच्या वर्षी कुंडीतलं तसंच मेलं. तुम्हीच भोक बुजवलं होतं."

माझा नवरा अभय मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा." घराला आग लागली तरी हा माणूस हेच म्हणेल.

माझं डोकं फिरलं. मी घमेलं घेतलं आणि तशीच पावसात आळ्यापाशी बसले. पहिलं घमेलं भरलं तोच आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. चांगलंच दुखलं.

"फेकायचं नाय."

"मग मरू द्या झाड! तुमच्या आईचंच आहे, माझं काय जातंय!"

बोलून गेले खरी. आत्याबाईंनी हात सोडला नाही, पण आवाज खाली आला.

"माही माय आणि मी आडाच्या कडंला घागर घेऊन बसायचो. हात लावायचा नाय. कुणाला दया आली तर वरून वतणार. सकाळची दुपार व्हायची. माय गप बसायची आन् मला लई राग यायचा. मागून मागून घेतलंय मी पाणी, सुलेखा. फेकायचं कसं ते मला कुणी शिकवलं नाय."

इतका वेळ मी त्यांच्यावर चिडले होते. आता चिडायचं कुणावर? त्या आडावरचे लोक केव्हाच मेले असतील. मेलेल्यांवर रागावून काही होत नाही, तरी मी रागावले.

"मग फेकू नका," मी म्हटलं. "भरून ठेवू."

ते त्यांना पटलं. आम्ही उपसून उपसून ड्रम भरला, हौद भरला, बादल्या, घागरी, शेवटी कुकरसुद्धा. गढूळ पाणी, कशाच्याही उपयोगाचं नाही. अभयला उठवून कामाला लावलं. आळं अर्धं झालं आणि घरात भांडं उरलं नाही. पाऊस सुरूच होता.

आत्याबाईंनी वाकून खोडाशी नखानं साल खरवडली. वर काळं होतं, अगदी बुंध्याशी आत हिरवं दिसलं. "जित्ता हाय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातलं घमेलं ओढून घेतलं.

पहिलं घमेलं त्यांनी रस्त्याच्या पलीकडच्या उताराकडे भिरकावलं. "हे त्या आडावाल्याचं!" दुसरं भिरकावलं. "हे टँकरवाल्याचं, लाइनीतून हाकललं व्हतं मला!" मग रस्ता चढवणाऱ्याचं, मग नळ सोडणाऱ्याचं. शेजारणी दारात आल्या. आत्याबाई शिव्या देत होत्या, मी हसत नव्हते. बुंध्याभोवतीची माती उघडी पडेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

शेवटचं घमेलं भरलं आणि त्या ते छातीशी धरून उभ्याच राहिल्या. मग माझ्यापुढे केलं.

"हे तू फेक. माह्यानं नाय व्हत."

मी घेतलं आणि फेकलं. पाणी रस्त्यावर आपटून पलीकडे पसरत गेलं, आणि त्या माझ्यावरच ओरडल्या, "अगं, जरा हळू फेकायचं की!"