आषाढातले कोरडे फडके

मुळशीच्या खोऱ्यात आषाढात धुतलेले कापड वाळत नाही. ते फक्त कमी ओले होते. दोरी पडवीत बांधा, माळ्यावर बांधा, तिसऱ्या दिवशीही लुगडे हाताला गारच लागते. पन्नास-साठच्या दशकांत शिक्षिका म्हणून मी कोळवणला रुजू झाले, तेव्हा मला ही केवळ गैरसोय वाटली होती. तिच्याशी आरोग्याचाही संबंध असतो, हे माझ्या घरमालकिणीच्या सुनेमुळे कळले.

एका शेतकरी कुटुंबाच्या घरातली कडेची खोली मला राहायला मिळाली होती. घरमालकिणीला मी मावशी म्हणे. मला सगळे नुसतेच बाई म्हणत. सून सतरा वर्षांची, वैशाखात लग्न होऊन आलेली.

त्या घरी बाहेर बसण्याचा रिवाज चोख पाळला जाई. पाळी आली की तीन दिवस चूल, देव्हारा आणि पिण्याच्या पाण्याचा हंडा यांना हात लावायचा नाही. निजायचे पडवीत, घोंगडीवर. कारण लोकरीला विटाळ नसतो. वाचकांना वाटेल, बरे झाले, तेवढीच विश्रांती. परंतु भातलावणीच्या दिवसांत याचा परिणाम नेमका उलट होई. जी चुलीपाशी चालत नाही, ती शेतात दिवसभर चालते. मावशींचे तर्कशास्त्र सरळ होते, "इटाळ द्येवाला व्हतो. चिखलाला कसला इटाळ?"

लावणीच्या सुट्टीमुळे शाळा बंद होती. सकाळी मी दारात उभी असताना सून डोक्यावर इरले घेऊन पायरी उतरताना दिसली. ती पाय फाकवून, एकेक पाऊल जपून टाकत होती. काय झाले असे विचारताच तिने आधी मागे पाहिले.

"मांड्या सोलल्यात, बाई. फडकं वाळतच न्हाई. तसंच घ्यावं लागतंय."

"वाळत कुठे घालतेस?"

"लाकडांच्या मागं, पोत्याखाली. मामंजींना दिसाय नगं." मग सासूबद्दल बोलताना तिचा आवाज आणखी उतरला. "काल मी वळीत मागं राहिले, तर आत्याबाई समद्यांदेखत म्हनल्या, हिला आईनं वाकाया शिकवलं न्हाई, आखाड सरला की माघारी धाडते शिकाया. खरंच धाडतील का वो?"

अध्यापिका विद्यालयात आरोग्यशास्त्र हा माझा आवडता विषय होता. फडके स्वच्छ सुती असावे, गरम पाण्यात धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे, हे मला पाठ होते. पहिले दोन नियम कोळवणात पाळता येण्यासारखे होते. तिसऱ्यासाठी ऊन लागते. माझ्यापाशी पेटीभर जुन्या पातळांचे तुकडे होते, म्हणून तोवर ही अडचण माझ्या ध्यानातच आली नव्हती.

मावशी शेतावर न्यायच्या भाकरी फडक्यात बांधत होत्या. थेट सांगितले असते तर "आमाला काय झालं?" असे उत्तर आले असते. शिकवताना ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, असे आम्हांला शिकवलेले होते. मी विचारले, "मावशी, तुमचं थोरलं बाळ कोणत्या महिन्यातलं?"

"आखाडातलं. असाच झोडपत हुता."

"मग त्याची दुपटी कुठं वाळवलीत?"

मावशींचे हात थांबले. विषय त्यांच्या आवडीचा निघाला. "कुटं म्हंजी? फुललेल्या इंगळावर दुरडी पालथी घालायची, दुरडीवर दुपटं. इंगळात ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. पापडावानी कडक व्हायचं."

"आणि तुमचे स्वतःचे कपडे?"

"त्ये बी तसंच. बाळंतिणीला ओलं देत्यात व्हय? शिकलेल्या तुमी, आन इचारता काय!"

"मग सुनेला ओलं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मग पायरीवर थबकलेल्या सुनेकडे. मी सारे सांगितले.

"मला का सांगितलं न्हाईस गं?"

"तुम्ही माघारी धाडाल, या भीतीनं," मीच म्हणाले.

"आता काय म्हनावं! आटलेली म्हस आमी दोन वर्सं सांबाळली, आन सून धाडीन व्हय? बोलायची रीत हाय माजी ती." मग सुनेकडे वळून, "आज चिखलात उतरायचं न्हाई. गरम पान्यानं आंग धू, खोबरेल लाव, आन आडवी हो."

अडचण एकच उरली. चुलीतले निखारे या कामाला चालणार नव्हते. मावशींनी क्षणभर विचार केला. "न्हाणीची चूल हाय की. तिला कोन पूजतंय?"

भाकरी सुनेच्या सासऱ्यांबरोबर शेतावर रवाना झाल्या. फडक्यांना हात मी लावायचा आणि चार हातांवरून सूचना मावशींनी द्यायच्या, अशी कामाची विभागणी झाली. धुरी कशी द्यायची हे त्यांना एकाच रीतीने ठाऊक होते. म्हणून ओवा, शेपा, लसणाची साले, सगळे काही निखाऱ्यांवर पडले. फडकी खरोखरच कडक वाळली. सुनेने एक घडी गालाला लावून पाहिली, हसली, आणि थोड्याच वेळात घोंगडीवर झोपी गेली.

त्या वासाचा कोळवणात एकच अर्थ होता. शेजारीण इरल्याखाली आळिवाची पुरचुंडी घेऊन धावत आली. "कोन बाळंत झालं गं?"

तिने वैशाखात आलेल्या सुनेकडे पाहिले, मनात महिने मोजले आणि मान हलवली. मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली.

"बाईकडं काय बघतीस? कुवार हाय ती," मावशी म्हणाल्या. "सून बाहेर बसलीया."

"बाहेर बसलेलीला धुरी? ह्ये नवीनच."

"का, ओल काय बाळंतिणीलाच बाधती?"

"आपल्या येळंला कुनी क्येलं न्हाई."

"म्हून तर आपुन अशा खवट झालो."

शेजारीण खळखळून हसली. ज्यांची हाक ओढ्यापलीकडच्या खाचरात ऐकू जाई, त्या मावशींनी ओठांवर बोट ठेवले. "हळू की. पोर निजलीया."

शेजारीण दुरडीकडे वळली. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "थोडा इंगळ दे. माजी लेक बी कालपास्नं बाहेर बसलीया. लावनीला धाडलीय तिला. बोलावून आनते."

मावशींनी खापरावर निखारे काढून दिले, वर चिमूटभर ओवा टाकला. शेजारीण खापर इरल्याखाली धरून भर पावसात बांधावरून निघाली. इरल्याच्या कडांतून धूर निघत होता आणि खाचरातल्या बायका कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहत होत्या.